घोट्याची बिजागरी राहू दे, नडगी कुठे जाते ते बघ

प्रश्न: मॅडम, मी नाशिकला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या मामांचा उजवा पाय तीन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरच्या अपघातात गुडघ्याखाली कापावा लागला. त्यांना कृत्रिम पाय मिळाला आहे, पण ते म्हणतात, "ओंडका बांधल्यासारखं वाटतं." चढावर दम लागतो, संध्याकाळी कंबर धरते. त्यांची द्राक्षबाग आहे, दिवसभर उभ्याचं काम. प्रोजेक्ट म्हणून मी घोट्यात बिजागरी आणि स्प्रिंग असलेलं पाऊल थ्रीडी प्रिंट करायचं म्हणतोय. दिशा बरोबर आहे का? चालणं नैसर्गिक वाटावं म्हणून पाऊल कसं डिझाइन करतात?

उत्तर:

मामांच्या 'ओंडका' या शब्दापासून सुरुवात करू. पाय ओंडक्यासारखा वाटतो असं माणूस दोन अगदी वेगळ्या कारणांनी म्हणतो. एक तर पाय उचलताना खाली ओढल्यासारखा होतो. नाहीतर उचलताना काही वाटत नाही, पण टेकवल्यावर तो पुढे जाऊ देत नाही, त्याच्यावरून चढून पलीकडे उतरावं लागतं. पहिली तक्रार पाऊल हवेत असतानाची, दुसरी जमिनीवर असतानाची. मामांना एवढंच विचार: "ओंडका उचलताना वाटतो की टेकवल्यावर?" चोवीस वर्षं कृत्रिम पाय बसवायचं काम करतेय, अजूनही नवा माणूस समोर बसला की माझा पहिला प्रश्न हाच असतो.

"उचलताना" म्हणाले तर तुझा प्रोजेक्ट जरा बाजूला ठेव आणि सॉकेट, म्हणजे स्टंप (कापल्यावर उरलेला पाय) ज्यात बसतो ती वाटी, तपासून घे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात स्टंप बराच आटतो, आणि पुढेही सकाळचा स्टंप आणि संध्याकाळचा स्टंप यांच्या मापात फरक पडतच राहतो. सॉकेट सैल झालं की माणूस मोज्यांवर मोजे चढवतो, तरी प्रत्येक पावलाला स्टंप आत वर-खाली होतो. आम्ही त्याला पिस्टनिंग म्हणतो. तुला वेगळं समजावायला नको. तसं असेल तर जगातलं सगळ्यात महाग पाऊल लावलं तरी ते ओंडकाच वाटणार. पावलाबद्दल तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं दुखणं शेवटी सॉकेटमध्येच सापडतं, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. दोन्ही पायांची उंचीही बघून घे. सेंटिमीटरभर फरक असला तरी कंबर बोलते.

पण चढावर दम लागतो म्हणतोस, त्यावरून मला दुसऱ्या तऱ्हेचा संशय येतो, टेकवल्यावरच्या ओंडक्याचा. आणि तो पावलाचाच विषय आहे.

चालताना काय होतं ते आधी नीट बघ. टाच टेकते. तळवा जमिनीवर बसतो. मग पाऊल जागच्या जागी आणि नडगी त्याच्यावरून पुढे कलत जाते. टाच उचलते, भार चवड्यावर येतो, अंगठा सुटतो. एका चक्रातला साधारण ६० टक्के वेळ पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत. अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारद जॅकलिन पेरी यांनी या जमिनीवरच्या भागाला तीन रॉकर म्हटलं: आधी टाचेवर लोळणं, मग घोट्यावर, मग चवड्यावर. लहान मुलांचा डोलणारा लाकडी घोडा असतो ना, त्याच्या खालची वाकडी पट्टी डोळ्यांसमोर आण. चालणारं पाऊल म्हणजे ती पट्टी. फरक इतकाच की आपण एका पट्टीवरून उतरायच्या आत दुसरी पुढे टाकतो.

आता तुझी बिजागरी. पंधरा वर्षांत मी अशा प्रोजेक्टची किमान डझनभर मॉडेलं हाताळली असतील, आणि जवळपास सगळ्यांत घोट्याला पिन आणि दोन स्प्रिंगा होत्या. कल्पना वाईट नाही. एका अक्षावर फिरणारी, रबरी बंपर असलेली पावलं आजही वापरात आहेत आणि मांडीतून पाय गेलेल्या माणसाला ती उपयोगी पडतात, कारण तळवा झटकन जमिनीवर बसला की त्याचा कृत्रिम गुडघा लवकर स्थिर होतो. पण मामांचा गुडघा त्यांचा स्वतःचा आहे. त्यांच्यासाठी बिजागरीने तीन भानगडी उभ्या राहतात. पहिली हवेतली. निरोगी माणूस पाऊल पुढे नेताना नडगीच्या पुढचा स्नायू आखडून बोटं वर धरतो, आणि तरीही बोटं जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वरून जातात. घोटा सैल ठेवलास तर पुढचा भाग खाली लोंबणार आणि मामा ठेच खाणार. दुसरी भानगड चवड्याची: बिजागरी टाचेच्या बाजूला मऊ आणि चवड्याच्या बाजूला पुरेशी ताठ, असा मेळ साध्या स्प्रिंगांनी सहज बसत नाही. तिसरी अगदी साधी. पिन झिजते. आधी 'टक' असा आवाज येतो, मग खेळ वाढतो, मग त्यात माती जाते. बागेत तर जाणारच.

आणि मुळात घोटा वाकतोय का हे त्या माणसाला कळतच नाही. कृत्रिम पावलात त्याला संवेदना नाही. त्याला कळतं ते सॉकेटमधून: नडगी पुढे जातेय की अडतेय, वेग सारखा आहे की मध्येच धक्का बसला. म्हणून मी म्हणते, घोट्याची नक्कल सोड. नडगी कुठून कुठे आणि कशी जाते ते जमव. मग आत बिजागरी असो, रबर असो नाहीतर नायलॉनची एकच वाकडी पट्टी, मामांच्या लेखी सगळं सारखंच.

या विचाराला चांगला वैज्ञानिक आधार आहे, आणि तो तुझ्याच शाखेतून आला. १९९० मध्ये कॅनडात टॅड मॅकगीर यांनी मोटर नसलेली, नुसत्या हलक्या उतारावरून आपोआप चालत येणारी यंत्रं बनवली. त्यांना घोटे नव्हतेच. पायांखाली फक्त वर्तुळाच्या तुकड्यासारखे वाकडे तळ होते. त्यांचे व्हिडिओ शोध, बघताना अंगावर काटा येतो. पुढे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांचे घोटे बुटात जखडले, बुटांखाली वेगवेगळ्या त्रिज्येचे वाकडे तळ लावले आणि चालायला किती ऊर्जा लागते ते मोजलं. २००६ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की पायाच्या लांबीच्या साधारण ०.३ पट त्रिज्या असली की सगळ्यात कमी कष्ट पडतात. मामांचा पाय ८५ सेंटिमीटर धरला तर त्रिज्या झाली सुमारे २५ सेंटिमीटर.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अँड्र्यू हॅन्सन आणि डडली चिल्ड्रेस यांनी हेच उलट बाजूने पाहिलं. त्यांनी पावलाखालचा दाबाचा बिंदू नडगीच्या चौकटीतून आखला. म्हणजे नडगीवर बसून खाली पाहिलं तर तो बिंदू कसा सरकत जातो, ते. तर घोटा, तळवा, बोटं या सगळ्यांचं मिळून एक वाकडं वळण निघालं. माणूस हळू चालो, भराभर चालो, पाठीवर ओझं घेवो, ते वळण फारसं बदलत नाही. शरीर ते सांभाळून घेतं. पाऊल डिझाइन करायचं म्हणजे भार पडल्यावर हे वळण तयार होईल असं काहीतरी बनवायचं. आणि वळणाच्या आकाराइतकीच त्याची लांबी महत्त्वाची. निरोगी पावलात ते टाचेपासून पावलाच्या लांबीच्या ८० टक्क्यांच्या थोडं पुढे पोचतं. जुन्या पद्धतीच्या सॅच पावलात (घोटा न वाकणारा, टाच मऊ) ते बरंच आधी संपतं, कारण आतला लाकडी कणा चवड्यापाशी संपतो आणि पुढे नुसता फोम असतो. माणूस कण्याच्या टोकापर्यंत नीट येतो आणि तिथून एकदम खाली पडतो, पायरीचा अंदाज चुकल्यासारखा. हे डोळ्यांनी दिसलं नाही तरी कानाने कळतं. मामा फरशीवर चालत असताना पाठ करून उभा राहा आणि त्यांच्या चांगल्या पायाचा आवाज ऐक. तो दाणकन पडत असेल तर समज, कृत्रिम चवडा आधीच संपतोय आणि पडणारं शरीर चांगला पाय झेलतोय. रोज हजारो वेळा. पुढे पाच-दहा वर्षांनी चांगल्या पायाचा गुडघा कुरकुरायला लागतो त्यामागे हेही एक कारण असतं.

तुझ्या प्रोजेक्टला सगळ्यात जवळचं काम म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेतल्या एमोस विंटर यांच्या गटाचं. जयपूर फूट बसवून देणाऱ्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीबरोबर ते काम करत होते. कॅथरीन ओलेस्नाव्हेज या संशोधिकेने २०१८ च्या सुमारास मांडलेली पद्धत थोडक्यात अशी: निरोगी माणसाच्या चालण्यातले जमिनीच्या प्रतिक्रियेचे जोर आणि दाबाच्या बिंदूच्या जागा घ्यायच्या. ते जोर गणितातल्या पावलावर लावायचे. पाऊल किती वाकलं त्यावरून नडगी कुठे पोचली ते काढायचं, आणि निरोगी नडगी त्या क्षणी कुठे असते त्याच्याशी फरक मोजायचा. हा फरक सबंध पावलाभर कमीत कमी येईपर्यंत संगणकाला पावलाचा आकार बदलायला लावायचं. माणसाचं वजन आणि पावलाचं माप घातलं की त्या माणसापुरता आकार निघतो. त्यातून नायलॉनचं, एकाच तुकड्याचं, बाजूने पाहिलं तर वळणावळणाचं पाऊल तयार झालं. घोटा नाही, पिन नाही, स्प्रिंगही वेगळी नाही. तुझ्याकडे फायनाइट एलिमेंटचं, म्हणजे भाराखाली वस्तू कशी वाकते ते काढणारं सॉफ्टवेअर असेलच. एका सेमिस्टरमध्ये याची साधी आवृत्ती करता येईल, आणि बिजागरीपेक्षा तिचं मोल जास्त असेल.

आता आकडे. सपाटीवर नेहमीच्या वेगाने चालताना घोट्यावर येणारा कमाल मोमेंट (फिरवणारा जोर) दर किलोला साधारण दीड न्यूटन-मीटर असतो. मामा ७२ किलो धरले तर ११० च्या आसपास. त्या क्षणापर्यंत नडगी पावलावर सुमारे १० अंश पुढे कललेली असते. म्हणजे दर अंशाला १०-११ न्यूटन-मीटर, ढोबळमानाने. खरा घोटा सरळ रेषेत वागत नाही. सुरुवातीला मऊ असतो आणि कलत गेला की ताठ होत जातो. तुझ्या पट्टीनेही तसंच करायला हवं: वाकता वाकता ती खालच्या तळाला टेकत जाईल, मोकळी लांबी कमी होत जाईल आणि ताठपणा वाढेल. एका आकाराने दोन ताठपणे मिळवायची ही सोपी युक्ती आहे.

पण थांब. मामा ७२ किलोचे कधी असतात? पाठीवर फवारणीचा १६ लिटरचा पंप भरून घेतला की त्यांच्या अंगावर आणखी जवळपास २० किलो येतात. ९२ किलोला मोमेंट १४० कडे जातो. ९२ किलोच्या हिशोबाने पट्टी केलीस तर घरात, देवळात, लग्नात ती ताठ लागणार. ७२ च्या हिशोबाने केलीस तर पंप पाठीवर असताना चवडा बसणार. तो वाढत जाणारा ताठपणा मी एवढा लावून धरतेय तो यासाठीच. मजबुतीचा हिशोब मात्र नेहमी जड दिवसाचा. कृत्रिम पायांसाठीच्या आयएसओ १०३२८ या आंतरराष्ट्रीय मानकात वजनाचे गट आहेत: ६०, ८०, १०० किलो आणि त्यापुढचेही. मामांसाठी १०० चाच घे. त्याच मानकात पाऊल २० लाख वेळा भार देऊन तपासतात. दिवसाला त्या एका पायावर ३,००० पावलं धरली तर वर्षाची होतात जवळपास ११ लाख, म्हणजे ही काही फार आयुष्याची परीक्षा नव्हे.

इथेच तुझं थ्रीडी प्रिंटिंग अडकतं. घरगुती प्रिंटरचा तुकडा थरांच्या जोडावर फुटतो, आणि पाऊल म्हणजे थर उकलण्यासाठी खास बनवलेलं यंत्रच जणू. शिवाय पीएलए, म्हणजे या प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात गाडीत ठेवलेलं पाऊल संध्याकाळी केळ्यासारखं निघेल. प्रिंट कर, पण आकार हातात धरून बघण्यासाठी किंवा साच्यासाठी. चालायचं पाऊल सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मिळणाऱ्या नायलॉनच्या जाड पाटातून सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कापयंत्रावर) कापून घे. स्प्रिंगसाठी माल निवडताना नुसती ताकद बघू नकोस. ताकदीचा वर्ग भागिले लवचीकतेचा गुणांक हा आकडा बघ, कारण न तुटता किती ऊर्जा साठेल ते तो सांगतो. त्या हिशोबात नायलॉन स्वस्तात फार पुढे जातं. त्याची खोड एक: पाणी पितं आणि पाणी प्यायलं की मऊ होतं. चाचणी कोरड्या तुकड्यावर करून समाधान मानू नकोस, आठवडाभर भिजवूनही कर.

कार्बन फायबरचं विचारलं नाहीस, पण मामांना कोणीतरी सांगणारच, म्हणून बोलते. व्हॅन फिलिप्स या तरुणाचा पाय १९७६ मध्ये पाण्यावरच्या स्कीइंगच्या अपघातात गेला. मिळालेल्या पायावर तो इतका वैतागला की हेच शास्त्र शिकला, आणि १९८४ च्या सुमारास फ्लेक्स-फूट घेऊन आला. कार्बनची पट्टी बोटांपासून थेट नडगीपर्यंत नेली, म्हणजे स्प्रिंग लांब आणि हलकी झाली. भराभर चालणाऱ्या, धावणाऱ्या माणसाला त्याचा फरक खरोखर जाणवतो. सावकाश चालणाऱ्याला तेवढा नाही, आणि किंमत लाखाच्या घरात सहज जाते. 'ऊर्जा परत देतं' हे जाहिरातीतलं वाक्य अर्धंच खरं समज. स्प्रिंग तू घातलेलंच परत देते, तेही थोडं कापून. जिवंत पोटरी वरून स्वतःची भर घालते. ती भर घालायची तर मोटर लागते. एमआयटीतलेच ह्यू हेर, ज्यांचे दोन्ही पाय १९८२ मध्ये गिर्यारोहणात हिमदंशाने गेले, त्यांनी तसा घोटा बनवला आणि त्यावर चालायचे कष्ट निरोगी माणसाइतके खाली आणून दाखवले. पण दोन किलोच्या आसपास वजन, रोजचं चार्जिंग, आणि किंमत ऐकून मामा हसतील. द्राक्षबागेत त्याचं काम नाही. (ऑलिम्पिकवाली ब्लेडही नको. तिला टाचच नसते. स्वस्थ उभं राहणंही जड जातं.)

आता जयपूर फूट. आपल्याकडे प्रत्येक कृत्रिम पायालाच लोक जयपूर फूट म्हणतात, अगदी जर्मन कंपनीचा असला तरी. खरं जयपूर फूट १९६० च्या दशकाच्या शेवटी सवाई मानसिंग हॉस्पिटलमध्ये तयार झालं. डॉ. प्रमोद करण सेठी सर्जन, आणि रामचंद्र शर्मा कारागीर. शर्मांना सगळे मास्टरजी म्हणत. मूर्तिकाम, हस्तकला हे त्यांचं मूळ क्षेत्र. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव त्या मानाने मागेच राहिलं याचं मला दर वेळी वाईट वाटतं, कारण मी जे पाऊल हातात धरते त्यात मला कारागीरच दिसतो. टाच आणि चवडा सूक्ष्म छिद्रांच्या रबराचे, घोट्यात लाकडी ठोकळा आणि बोल्ट, त्याभोवती टायरमधल्या दोऱ्यांचं रबर, वर कातडीच्या रंगाचं रबर, आणि सगळं साच्यात घालून टायर रिमोल्डिंगसारखं शिजवलेलं. टाचेपासून चवड्यापर्यंत जाणारा ताठ कणा नाही, म्हणून ते सगळ्या बाजूंना वळतं. ढेकळावर पडलं तर ढेकळासारखं होतं. बूट लागत नाही, पाण्यात चालतं, उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते. १९९५ मध्ये सॅच, सिएटल आणि जयपूर अशा तीन पावलांची जमिनीच्या प्रतिक्रियेवरून तुलना झाली, तेव्हा जयपूर नैसर्गिक पावलाच्या जास्त जवळ आलं. चाचणी मोजक्या माणसांवरची होती, त्यामुळे त्यावर इमारत उभी करू नकोस. पण ज्याची फॅक्टरी म्हणजे एक भट्टी आणि साचा, त्याने प्रयोगशाळेतल्या पावलाला मागे टाकावं, हे मला अजून आवडतं.

दोष? जड आहे. हाताचं काम, म्हणून एक पाऊल दुसऱ्यासारखं नसतं. मऊ की ताठ हे त्या दिवशीच्या हातावर अवलंबून. आणि रबर ऊर्जा पितं फार. एमआयटीचे लोक जयपूरला गेले ते यासाठीच: त्या पावलाचं वागणं ठेवायचं आणि वजन आणि एका पावलात-दुसऱ्यात पडणारा फरक कमी करायचा. सुधा चंद्रन मुंबईच्या. १९८१ च्या अपघातानंतर त्या जयपूर फूटवरच पुन्हा भरतनाट्यमला उभ्या राहिल्या. लोक माझ्याकडे येऊन म्हणतात, "त्यांना बसवलं तसं द्या." पाऊल देता येतं. रक्त येईपर्यंतचा त्यांचा सराव कुठून देऊ?

मामांचं पाऊल नक्की कोणतं आहे ते तू लिहिलं नाहीस. सॅच असेल तर ते बुटासाठी बनवलेलं असतं आणि पाण्याने खराब होतं. आणि इथे मला खरा संशय आहे, तो मी मुद्दाम मागे ठेवला.

पाय बसवताना आम्ही अलाइनमेंट करतो: पाऊल पुढे-मागे, आत-बाहेर, वर-खाली किती कललेलं, ते. सेंटरवर माणूस बूट घालून येतो, कारण आम्हीच सांगतो, "बूट घेऊन या." बुटाची टाच साधारण सेंटिमीटरभर उंच. त्या उंचीला पाय जुळवला जातो. माणूस घरी जातो आणि बूट कपाटात ठेवतो. घरात अनवाणी, बागेत सपाट स्लिपर. टाचेखालचा तो सेंटिमीटर गेला, टाच ते चवडा अंतर १५-१७ सेंटिमीटर, की सबंध नडगी साडेतीन-चार अंशांनी मागे कलली. आता प्रत्येक पावलाला त्याला आधी तेवढं चढावं लागतं. सपाट जमिनीवरही चढ लागल्यासारखं वाटतं, गुडघा मागे दाबला जातो, आणि खऱ्या चढावर दम लागतो. शब्द कुठला वापरतो तो? ओंडका. विदर्भातल्या एका शिबिरात आमच्या एका गटाने साठेक पाय असेच बुटांवर जुळवून दिले होते. मी त्या गटात होते. सहा महिन्यांनी फिरून गेलो तेव्हा अर्धे पाय खुंटीला टांगलेले. एक आजी म्हणाली, "बाई, पाय चांगला आहे, पण तो मागं ओढतो." पावलात काही दोष नव्हता. एका अॅलन चावीने, चार स्क्रूंचा खेळ करून, दहा मिनिटांत तिचा पाय पुढे चालायला लागला.

म्हणून डिझाइन करताना टाचेची उंची शून्य धर आणि चपलेसाठी वेगळी पाचर दे. उलट केलंस, तर अनवाणी चालताना कोणी पाचर लावत बसत नाही. आणखी काही गोष्टी बागेतल्याच. बोर्डो मिश्रण फवारत असतील तर त्यातलं मोरचूद अॅल्युमिनिअमच्या पाइपला आणि अडॅप्टरला चावतं. संध्याकाळी साध्या पाण्याने धुवायची सवय लाव. तळव्याच्या खाचांत चिखल बसून सुकला की वाढत जाणारा ताठपणा बिघडतो, म्हणून तुझी वळणावळणाची पट्टी उघडी ठेवू नकोस, रबरी कव्हर हवं. त्या कव्हरला अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात फट ठेव. नाहीतर अंगठ्याची चप्पल घालता येणार नाही आणि तुझं सगळं गणित माळ्यावर जाईल.

ताठपणाच्या चुका ओळखायला फार यंत्रं लागत नाहीत. टाच फार कडक असली की टेकताक्षणी नडगी पुढे ढकलली जाते आणि गुडघा लटपटतो. फार मऊ असली की पाऊल रुतल्यासारखं वाटतं. चवडा फार कडक किंवा फार पुढे असला की चढ. फार मऊ किंवा आखूड असला की खड्डा. मामांच्या गुडघ्याला बाहेरच्या बाजूने एक, आणि कृत्रिम घोट्याच्या जागी एक, अशा दोन टिकल्या लाव. मोबाइल तीन-चार मीटर लांब, गुडघ्याच्या उंचीवर, आडवा, स्लो मोशनवर. दोन्ही बाजूंनी काढ. प्रत्येक फ्रेममधला नडगीचा कोन मोजून आलेख काढ आणि चांगल्या पायाचा आलेख त्यावर ठेव. दोन्ही आलेख जिथे फाकतात तिथे तुझं डिझाइन सुरू होतं. हा आलेख तुझ्या अहवालातल्या कुठल्याही रंगीत स्ट्रेस प्लॉटपेक्षा मी आधी बघेन.

नवं पाऊल मामांच्या पायात थेट घालायचं नाही. आधी कॉलेजच्या टेस्टिंग मशीनवर टाचेकडून १५ अंश आणि चवड्याकडून २० अंश कोनात भार दे, तुटेपर्यंत दे, कुठे तुटतं ते बघ. मग दुसरं, तसंच्या तसं, लाखो चक्रं फिरव. त्यानंतर प्रोस्थेटिस्टच्या (कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञाच्या) समोर, पॅरलल बारमध्ये, दहा पावलं. पुण्याचं कृत्रिम अंग केंद्र १९४४ पासून आहे, मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. अशा ठिकाणचं कोणीतरी प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवसापासून असू दे, सबमिशनच्या आदल्या आठवड्यात सही मागायला जाऊ नकोस.

आणि मामांना दाखवायला घेऊन येशील तेव्हा त्यांची रोजची चप्पल आण. नवी नको. बागेतली, झिजलेली, दोन्ही पायांची.